विलायतेत झालेलं काम

शुक्रवार पेठेत सिदू फिटरला त्याच्या नावानं कुणी ओळखत नसे. 'साहेबाची गाडीवाला' म्हटलं की पोरंसोरंही बोट दाखवून घर सांगत. सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही, पण सिदूच्या ते दर वेळी जिव्हारी लागे. गाडी आता त्याची होती, रोख मोजून घेतलेली. पण खरं दुखणं तेही नव्हतं. ती गाडी साहेबानं नुसती विकत आणली होती. तिला आजचं रूप दिलं होतं ते सिदूनं, स्वतःच्या दोन हातांनी. आणि हे खरं मानणारा एकही माणूस सबंध सोलापुरात नव्हता.

सिदू मंगळवेढ्याकडच्या धनगराचा. बापानं मेंढरं राखली, आजानं मेंढरं राखली. हा बारा वर्षांचा असताना मामाबरोबर सोलापुरात आला आणि गिरणीच्या वर्कशॉपात झाडू मारायला लागला. झाडू मारता मारता कानस हातात आली आणि दहा-बारा वर्षांत तो फिटर झाला. बापाला मेंढीच्या कानाला हात लावला की तिचं दुखणं कळायचं, तसं सिदूला यंत्राच्या आवाजावरून कळायचं. शाळा मात्र सहीपुरतीच झाली होती. लग्नही झालं, पण बायको मायाक्का गावीच राहिली. तिच्या बापानं तिला लग्नात वीस मेंढ्या दिल्या होत्या, त्यांच्या आता चाळीस झाल्या होत्या, आणि त्या सोडून गिरणीच्या धुरात यायला ती काही तयार नव्हती.

विणकाम खात्यावर तेव्हा एक गोरा साहेब होता. त्याला मोटारींच्या शर्यतीचा भारी नाद. तेवीस साली त्यानं मुंबईहून दोनच माणसं बसतील अशी एक ठेंगणी गाडी आणली, आणि पुण्याला साहेबलोकांच्या शर्यतीत ती शेवटून दुसरी आली. साहेब आठ दिवस कुणाशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं सिदूला बंगल्यावर बोलावलं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन गाडी दाखवली. ही पळाली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

पाच महिने सिदू दर रविवारी त्या शेडमध्ये राबला. मडगार्डं काढून टाकली. मागचा चौकोनी डबा कापला आणि तिथं पत्रा ठोकून ठोकून निमुळती शेपटी बसवली. एंजिनाचं डोकं घासून उतरवलं, एकाच्या जागी दोन कार्बुरेटर लावले, चाकांवरच्या स्प्रिंगांचे पाटे चपटे करून गाडी जमिनीकडे चार बोटं खाली आणली. कुठल्या पुस्तकात बघून नव्हे; रात्रंदिवस डोक्यात घोळवून. शेपटीवर त्यानं रिबिटांच्या दोन ओळी मारल्या होत्या, त्या सूत लावून बघावं इतक्या सरळ. त्या ओळींवरून हात फिरवताना तो स्वतःशीच हसायचा.

पुढच्या शर्यतीत गाडी पहिली आली. क्लबातल्या मंडळींनी साहेबाला गराडा घातला आणि हे काम कुणाचं म्हणून विचारलं. सिदू गाडीला टेकून उभा होता, हातात फडकं. एवढं इंग्रजी त्याला कळत होतं. साहेब म्हणाला, विलायतेतल्या कारखान्यात पाठवून करून आणलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काळ्या माणसानं पत्र्याच्या शेडमध्ये केलेल्या गाडीवर आपण जिंकलो, हे सांगणं साहेबाच्या तोंडाला जड गेलं असावं. खोटं बोलताना त्याला काही वाटलं नाही, उलट रात्री त्यानं सिदूला दहा रुपये बक्षीस दिले. ते दहा रुपये सिदूनं घेतले, हे त्याला पुढं जन्मभर सलत राहिलं.

पेठेत येऊन त्यानं चारचौघांना सांगून पाहिलं. लोक ऐकून घेत आणि मागं हसत. मामासुद्धा म्हणाला, बाबा रे, साहेबाची गाडी धुतोस तेवढं पुरे आहे की.

तीस सालच्या मार्शल लॉनंतर साहेबाचं सोलापुरातून मन उडालं. वर्षभरात त्यानं परतीचं तिकीट काढलं आणि गाडी विकायला काढली. पण आठ वर्षं झालेली, दोनच माणसांची, पेट्रोल पाण्यासारखं पिणारी, जिचा एक भाग मोडला तर बाजारात मिळायचा नाही अशी गाडी घेणार कोण? डॉक्टर, वकील, व्यापारी येऊन बघून गेले. शेवटी सिदूनं विचारलं. साहेबाला ते विनोदी वाटलं, पण पैसा पैसाच असतो. त्यानं किंमत सांगितली, आणि ती ऐकून सिदू सरळ गावी गेला.

मायाक्काच्या मेंढ्या विकल्या गेल्या त्या अशा. ती भांडली नाही. भांडून नवरा ऐकेल असं तिला वाटलंच नाही. शेवटची मेंढी गेल्यावर गावात राखायला काही उरलं नाही, म्हणून ती दोन पोरं घेऊन शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत राहायला आली. दारात ती गाडी उभी होती. मायाक्कानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ही दूध किती देते. सिदूनं हसण्यावारी नेलं. ती हसत नव्हती.

गाडीचा विमा उतरवायची सिदूला काही गरज नव्हती, तसा कायदाही नव्हता. पण साहेबानं उतरवला होता. आणि ज्याचा विमा असतो ती वस्तू किमतीची असते, असं सिदूच्या मनानं घेतलं. शाळेत कारकुनी करून वर विम्याची एजंटी करणारा रामहरी पेठेतच राहायचा. तो मुंबईच्या एका कंपनीचा इंग्रजी फॉर्म घेऊन आला आणि ओट्यावर बसून भराभर भरत सुटला. एका रकान्यात प्रश्न होता, गाडी मूळ बनावटीपेक्षा बदललेली आहे काय? रामहरीनं सिदूला विचारलंच नाही. 'होय' लिहिलं तर मुंबईहून दहा पत्रं येणार, कदाचित फॉर्मच परत येणार, आणि त्याचं कमिशन बुडणार. त्यानं 'नाही' लिहिलं. सिदूनं खाली जपून सही केली आणि विम्याचा कागद आल्यावर तो देवाच्या फळीवर ठेवला.

दोन वर्षं सिदूनं गाडी सांभाळली, म्हणजे गाडीनं त्याला राबवून घेतलं. मिळेना तो भाग तो रात्रपाळी संपल्यावर वर्कशॉपात स्वतः घडवायचा. गाडी चालायची फक्त रविवारी, आणि तीही पेट्रोल परवडलं तर. लोक बघत राहायचे आणि म्हणायचे, साहेब काय गाडी ठेवून गेलाय.

तेहतीस सालच्या चैत्रात तो अक्कलकोटहून परत येत होता. वाटेत एका मोरीवर वळणाआड मेंढरांचा कळप सगळा रस्ता अडवून बसला होता. ब्रेक दाबून भागण्यासारखं नव्हतं. कळपातून गाडी घातली असती तर पाच-सहा मेंढरं गेली असती आणि गाडी वाचली असती. दुसऱ्या कुणी तेच केलं असतं. पण धनगराच्या हातून ते व्हायचं नाही. चाक आपोआप फिरलं आणि गाडी मोरीच्या दगडी कठड्यावर जाऊन बसली. सिदूचं नुसतं कपाळ फुटलं. गाडीचं तोंड मात्र पार आत गेलं, एंजिन जागचं हललं. एका गावकऱ्याचे बैल जोडून ती सोलापूरपर्यंत ओढत आणावी लागली, आणि भर बाजाराच्या दिवशी ती वरात पेठेतून गेली तेव्हा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर येऊन उभे राहिले.

रामहरीनं मुंबईला कळवलं. मग तो घाबरला आणि सिदूला येऊन म्हणाला की कंपनीचा इन्स्पेक्टर बघायला येतोय. त्यानं काहीही विचारलं तरी एकच उत्तर द्यायचं, साहेबानं दिली तशी आहे, मला बाकी ठाऊक नाही. सिदूनं मान हलवली. मायाक्कानंही ऐकलं. पैसे आले तर मोडकी गाडी भंगारात घालून पुन्हा मेंढ्या घ्यायच्या, असं तिनं मनात केव्हाच ठरवलं होतं.

इन्स्पेक्टर चांगला माणूस निघाला. कोट काढून तो धुळीत उकिडवा बसला, बॉनेटखाली डोकं घातलं, पाटे मोजले. फॉर्मची नक्कल त्याच्या खिशातच होती. मग तो गाडीमागं गेला, शेपटीवरून हात फिरवला आणि रिबिटांच्या ओळीवर थांबला. इतकं सुबक काम त्यानं मुंबईतसुद्धा पाहिलं नव्हतं, असं तो म्हणाला. हे विलायतेतच झालं असणार. इकडच्या कारागिराच्या हातून अशी ओळ उतरायची नाही.

रामहरीनं सिदूकडे डोळे वटारून पाहिलं. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जाणकार माणसानं त्या ओळीवरून हात फिरवला होता, आणि तोही हेच म्हणत होता.

"ते काम म्या केलंय," सिदू म्हणाला.

इन्स्पेक्टर हसला. साहेबाच्या गाड्या धुणारे सगळेच असं सांगतात, असं काहीतरी पुटपुटला. ते सिदूला सहन झालं नाही. त्यानं कमरेची पिशवी सोडली, तळहातावर चिमूटभर भंडारा घेतला, हात कपाळाला लावला आणि जमलेल्या पेठेच्या देखत म्हणाला, "बिरोबाचा भंडारा उचलून सांगतो. हिचा मडगार्डापास्नं शेपटीपत्तुर समदा बदल ह्या हातांनी केलाय. खोटं असलं तर माझं वाटोळं व्हईल."

धनगराच्या पंचायतीत भंडारा उचलला की बोलणं संपतं. मग मेंढरं कुणाची, कुरण कुणाचं, सगळं तिथल्या तिथं मिटतं. त्यानंतर शंका घेणारा माणूसच खोटा ठरतो. सिदूला वाटलं, आपण एकदाचं खरं मांडलं आणि ते लागू पडलं. कारण इन्स्पेक्टरचं हसू थांबलं, त्यानं वही काढली आणि काय काय बदललं ते अगदी बारकाईनं विचारून लिहून घेतलं. सिदूनं भरभरून सांगितलं: दोन कार्बुरेटर, घासलेलं डोकं, चपटे पाटे. एवढं मन लावून त्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. रामहरी भिंतीला टेकून खाली बसला. मायाक्का दारात उभी होती.

पुढं चार महिने काही आलं नाही. गाडी दारात गंजत पडली, कोंबड्या तिच्या खाली बसू लागल्या. पण सिदू त्या चार महिन्यांत खुशीत होता. गिरणीत तो सगळ्यांना सांगायचा, मुंबईच्या इन्स्पेक्टरनं वहीत लिहून नेलंय, आता कागद येईल. पैशांचं तो क्वचितच बोले.

कागद श्रावणात आला. रामहरीनं तो दारात उभं राहूनच वाचला आणि मराठीत सांगितला. गाडी मूळ बनावटीपेक्षा बदललेली होती आणि फॉर्मात ते दडवलं, म्हणून कंपनी एक पैसाही देणं लागत नाही. रामहरीच्या लेखी पत्र तिथंच संपलं होतं. पण खाली आणखी चार ओळी होत्या, आणि सिदूनं त्या वाचायला लावल्या. बदल आपण केले असं मालकानं शपथेवर सांगितलं, म्हणून कंपनीनं आधीच्या मालकाला विलायतेला पत्र घालून खात्री करून घेतली. त्यांचं उत्तर असं की, सदर काम इंग्लंडात नामांकित कारखान्यात झालं असून हा इसम त्यांच्याकडे गाडी धुण्यास होता. सबब त्याची शपथ खोटी दिसते.

रामहरी पत्र हातात देऊन निघून गेला. शेवटच्या ओळींना काही अर्थ नाही, त्यांनी पैशात फरक पडत नाही, असं तो जाता जाता समजुतीनं म्हणाला.

मायाक्का चुलीपुढं बसली होती. मेंढ्या आता येणार नाहीत हे तिला कळलं होतं, पण ती त्याविषयी बोलली नाही. तिनं हातातली भाकरी थापून तव्यावर टाकली. मग वर न बघता विचारलं, "तुमी खोटा भंडारा उचलला व्हय?"

सिदू म्हणाला, साहेब खोटा आहे.

"साहेब कशापायी खोटं बोलंल?" ती म्हणाली. "साता समिंदरापल्याड बसलाय त्यो. गाडी न्हाय, पैसा न्हाय. त्येला काय मिळायचंय?"

तिच्या विचारण्यात राग नव्हता. साहेबाला त्यातून काय मिळालं, हे सिदूला तरी कुठं ठाऊक होतं? तो राबला ते पाच महिने ती गावी मेंढरांमागं होती. तिनं ते शेड पाहिलं नव्हतं, ती कानस, तो पत्रा, काही पाहिलं नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच, की नवऱ्यानं देवाचा भंडारा हातात घेतला आणि मुंबईच्या छापील कागदावर तो खोटा निघाला.

दर रविवारी ती देवाची पूजा झाली की घरातल्या सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावायची. त्या रविवारी तिनं देवाला लावला, थोरल्याला लावला, धाकटीला लावला, स्वतःला लावला. सिदूनं नेहमीसारखं कपाळ पुढं केलं. मायाक्कानं डबीचं झाकण लावलं आणि ती चुलीकडे गेली.