जालिंदरकाकांचा कान

टॉवेल कारखान्यात माग सुरू असले की बोलणं ऐकू येत नाही. तिथं आधी मान हलवायची, कळून घ्यायचं मागाहून. जालिंदरकाकांचं आयुष्य तिथंच गेलं. ती सवय घरी आली आणि तिनं घात केला.

मुलगा सुमित पुण्याहून सीडी ट्रान्सपोर्ट घेऊन आला. हे यंत्र स्वतः गात नाही. सीडीवरचे आकडे वाचून डॅक नावाच्या डबीला देतं. आवाज ती डबी करते. जुना प्लेअरही हेच काम करत होता. सुमितनं नवं जोडलं आणि विचारलं, "पप्पा, फरक पडला ना?"

काकांनी मान हलवली.

फरक त्यांना कळलाच नव्हता. बारीक आवाज कानातून केव्हाच गेले होते. पण जयंतीला भीमगीतांचा आवाज मिक्सरवर काकाच जुळवायचे. मिक्सरजवळची खुर्ची त्यांची. कान गेला म्हटलं, की खुर्ची गेली. पप्पांना फरक कळला, असं सुमितनं गल्लीभर सांगितलं. काकांच्या शब्दावर विहाराच्या मंडळानंही तसंच यंत्र घ्यायचं ठरवलं.

मंडळाची संघप्रिया मात्र घरी आली. "काका, आकडे तेच, डबी तीच. फरक कुठनं येणार?"

"पप्पांच्या कानाला विचार की," सुमित म्हणाला.

तिनं काकांना भिंतीकडं तोंड करून बसवलं. एकच गाणं दोन्ही यंत्रांवर लावलं. काकांना ढोलकी तेवढी कळली. दोन्ही वेळा तीच ढोलकी.

"नवं कोणतं?"

"दुसरं." नुसता अंदाज.

"बरोबर! हरले मी. मागवते आता."

विहाराचे पैसे पाण्यात जाणार, हे कळताच काका उठले. "थांब पोरी. मला काय बी कळलं न्हाय. अंदाजानं बोललो. मला झांज बी ऐकू येत न्हाय."

सुमित हसला. "बघ, मोठेपणा नको असतो त्यांना."

काका बायकोकडं वळले. "नागू, तू तरी सांग की. कुकरची शिट्टी ऐकू येती का मला?"

"कामाचं कवा ऐकू आलंय तुमास्नी?" नागूबाई म्हणाल्या. सगळे खदखदून हसले.

संघप्रियानं दुकानदाराला फोन लावला होता. "हो, आमच्या काकांनी स्वतः पारखलंय."

काका तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. तिनं बोटानं त्यांना जरा थांबायला सांगितलं आणि विहाराचा पत्ता सांगू लागली.