मे महिन्यातली यादी

चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका. मी जो गाढवपणा केला, तो ऐकून ठसका लागेल. हसू आलं तर हसा, मला राग येणार नाही.

माझा दादा, बबन, धंतोलीतल्या एका रक्तपेढीत कॉम्प्युटर चालवायचा. रक्त देणाऱ्या शेकडो माणसांची यादी त्यानं एकट्यानं त्यात भरली होती. स्वतःही रक्त द्यायचा, म्हणून त्याचं नावही त्यात होतं. जूनमध्ये कोराडीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकनं त्याच्या सायकलला उडवलं. दादा गेला. साहेबांनी दया येऊन मला शिपाई ठेवलं. सातवी नापासाला दुसरं काय ठेवणार?

दादाच्या खुर्चीवर शैलाताई आल्या. ऑगस्टमध्ये एका सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर यादी गायब! ताईंनी बॅकअपच्या, म्हणजे यादीची नक्कल ठेवलेल्या, फ्लॉप्या काढल्या. पावसाळ्यानं सगळ्यांना बुरशी धरलेली. ताई रडायच्या बेतात.

मला एकदम आठवलं. दादा एक फ्लॉपी घरी ठेवायचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, तांदळाच्या डब्यात. ओल लागू नये म्हणून! मी सायकल अशी हाणली की विचारू नका.

फ्लॉपी चालली. यादी जशीच्या तशी परत आली. मी नाचायचाच बाकी होतो.

"थांब गा, गजानन," ताई म्हणाल्या. "ही मे महिन्यातली यादी आहे. त्यानंतर जे वारले, गाव सोडून गेले, त्यांची नावं रजिस्टरमधून वाच. मी काढते."

मी वाचू लागलो. पाचवं नाव दादाचं होतं.

"पुढचं?"

मी सहावं वाचलं.

आता तुम्हीच सांगा, काय बिघडणार होतं? मे महिन्यात दादा धडधाकट होता. राहू दे की एका कोपऱ्यात! कोण बघतं?

कॉम्प्युटर बघतो ना! पुढच्या महिन्यात त्यानं, कोणाला रक्त देऊन तीन महिने उलटले ते शोधलं आणि पत्रं छापली. पाकिटांवर तिकिटं कोणी चिकटवली? मीच! तिकीट चिकटवताना पत्ताही वाचावा, एवढी अक्कल कुठली?

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात आई उभी. हातात पत्र.

मी धावत पुढं गेलो. "आई, तू काहून आली?"

"शेजारच्या पोरीनं वाचून दाखोलं. बबनले रक्त द्याले बोलावलं म्हणे. तो तं येत नाही आता. म्हून मी आली."

आणि तिनं पदर सावरून हात पुढं केला.

ताईंनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. अडतीस किलो! "काकू, पंचेचाळीस किलो तरी वजन लागतं. तुमचं नाही घेता येत."

"काहून? माया आंगात रक्त नाही का? बोलावल्यावर रिकामं कसं जावं मानसानं?"

ते ऐकून मला राहवलं नाही. "माझं घ्या!" मी ओरडलो आणि सरळ खाटेवर आडवा झालो. येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज सांगायचो ना मी, 'काही नाही गा, मुंगी चावल्यावानी!'

मग सुई दिसली.

पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा आई माझे तळपाय चोळत होती. रक्ताचा थेंब दिला नव्हता, आणि रक्त देणाऱ्यांसाठीची बिस्किटं ताई मला भरवत होत्या!

ताई हळूच म्हणाल्या, "काकू, चुकून राहिलं ते नाव."

"चुकून नाही," मी म्हणालो. "मीच नाही वाचलं." आणि हुंदका फुटला. अठरा वर्षांचा घोडा, तोंडात बिस्कीट, आणि धाय मोकलून रडतोय.

आईनं माझ्या गालावरचा भुगा पुसला. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "काढ वं बाई बबनचं नाव. त्यानं लय दिलं. आता नको बोलावू त्याले."

ताईंनी बटण दाबलं. नाव गेलं. ताई म्हणाल्या, "मग गजाननचं लिहू का त्या जागी?"

"नको माय," आई म्हणाली. "तो सुई पाहूनच पडते. लिहाचंच असन तं मायं लिही. मी दोन महिने तूप खाऊन येते."