आधी बघा, मग कापा

पाळी बंद होऊन बारा वर्षं झाली होती आणि माझ्या साडीला रक्त लागलं. गौरीला आठ दिवस होते. आमच्या घरात तेरड्याची गौर मी आणते. मोठी जाऊ म्हणाली, "परत चालू झाली वाटतं. यंदा बाजूला बस."

"या वयात पाळी येत नाय. हा आजार हाय," मी म्हटलं.

"रक्त ते रक्तच."

मुलाने पनवेलला डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "गर्भपिशवीचं अस्तर जाड झालंय. पिशवी काढून टाकू. आता काय कामाची?" मुलाने मान डोलावली. आमच्या गावात हेच चालतं. कंबर दुखली, पांढरं गेलं, की काढ पिशवी. जावेची पस्तिसाव्या वर्षी काढली. कंबर अजून दुखते.

"आत काय हाय?" मी विचारलं.

"काढल्यावर कळेल."

"मिठागराचा बांध गळला तर आमी आधी भोक शोधतो. सगळा बांध फोडत नाय."

"आजी, कॅन्सरही असू शकतो."

"म्हणून तर बघा म्हणते."

ते बघणार नव्हते. मी उठले.

नवीन पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने बघितलं. पेनाच्या रिफिलीपेक्षा थोडी जाड नळी, कुठे कापणं नाही, भूल नाही. पिशवी फुगवायला आत मिठाचं पाणी सोडतात. जन्मभर मी मिठाच्या पाण्यात उभी राहिले, आता ते माझ्यात. कळा आल्या तेव्हा शिव्या दिल्या, बाईंनी ऐकून घेतल्या. समोरच्या टीव्हीवर माझी पिशवी मी स्वतः बघितली. आत देठावर लोंबणारा बोटाच्या पेराएवढा मांसाचा कोंब होता. बाईंनी तो चिमट्याने काढला, अस्तराचा तुकडा घेतला आणि दोन्ही तपासायला पाठवलं. कॅन्सर निघाला तर पिशवी काढायला मी तयार होते. पण आधी कळायला हवं होतं.

रिपोर्ट यायच्या आधी गौर आली. जाऊ दारात आडवी उभी. "रिपोर्ट तरी येऊ दे."

"गौर रिपोर्ट मागत नाय. सरक."

सरकली. गौर मीच आत घेतली.

रिपोर्ट चांगला आला. साधा कोंब. मुलाने तो मोठ्याने वाचला, तेव्हा जाऊ भांडी घासत होती. हात थांबवून म्हणाली, "माझ्या पिशवीत काय होतं गं?"

"विचारलं होतंस?"

"नाय."

"मग आता कोण सांगणार," मी म्हटलं. "तुझ्या सुनेची काढा म्हणतील, तेव्हा विचार."