गळ्यातला टाक

संगणकावर वंशावळ भरताना प्रत्येक माणसाच्या चौकटीत फोटो लावायचा असतो. आजीचा लावला आणि सहज मोठा करून पाहिला. मंगळसूत्राखाली चांदीचा एवढासा टाक होता, त्यावर बाईची आकृती. पहिली बायको वारली की दुसरीने तिचा असा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत.

शेजारी आत्या बसली होती, आजोबांची थोरली लेक. मी विचारलं, "आजोबांची लग्नं किती गं?"

"एकच. लिही पुढे."

उत्तर जरा जास्तच लवकर आलं. एरवी कुणाच्या पंगतीत मठ्ठा आंबट होता, हेही ती रंगवून सांगते. त्या प्रोग्रॅमला काय, सांगाल ते नातं तो बिनतक्रार रेघ ओढून जोडतो. मला मात्र आता त्या सरळ रेघांचाच संशय येऊ लागला. आजीने सवतीला जन्मभर गळ्यात वागवलं, आणि आम्ही तो देवाचा टाक समजत आलो.

"आत्या, तुझी आई म्हणून आजीचंच नाव घालू ना?"

तिने चष्मा काढून पदराला पुसला, पण पुन्हा लावला नाही.

"आधी तो फोटो लहान कर," ती म्हणाली.