बिशपच्या हातचं पाणी

"अगदी नॅचरल केलंस हं!" काकू म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या ओंजळीतून पाणी गळत होतं.

दोन हजार चारचा नोव्हेंबर. जर्सी सिटीतल्या चर्चचं तळघर. चर्चच्या संताच्या सणासाठी आम्ही मराठी कॅथलिक त्याच्यावर नाटुकलं बसवत होतो. आठशे वर्षांपूर्वीचा बिशप. हंस पाळायचा, राजालाही तोंडावर सुनवायचा. गावाबाहेर टाकलेल्या महारोग्यांना जवळ घ्यायचा, त्यांच्या पेल्यातलं पाणी प्यायचा. लहानपणी फादरांकडून हे ऐकलं तेव्हा वाटलं होतं, हा आमच्या वस्तीतही आला असता.

नाटक बसवणाऱ्या काकूंनी पहिल्याच दिवशी माझं गाव विचारलं. मग, गावात घर कुठल्या बाजूला?

"पूर्वेला. महारवाड्यात."

"अच्छा."

मला महारोग्याचं काम मिळालं. बिशप झाले त्यांचे मिस्टर. "आम्ही मूळचे ब्राह्मण," हे काका बाप्तिस्म्याच्या पार्टीतही सांगायचे.

प्रसंग साधा होता. काकांनी पेला माझ्या हातात द्यायचा, मी प्यायचं, मग त्यातूनच त्यांनी. तालमीत काकांनी पेला दिलाच नाही. उंच धरला आणि वरून पाणी ओतलं. आणि माझी ओंजळ आपोआप पुढे झाली. मान खाली घालून मी प्यालोसुद्धा.

बाप पाटलाच्या ओट्याखाली असाच वाकायचा. मी इंजिनिअर झालो, व्हिसा मिळवला, समुद्र ओलांडला. हात तिथेच राहिले होते. त्या दिवशी गाडीत बसून रडलो. काकांचा राग नंतर आला. आधी माझ्या हातांचं फार वाईट वाटलं.

सणाच्या दिवशी काकांनी पुन्हा पेला उंच धरला. मी हात मागे बांधले. पाणी फरशीवर सांडलं. मी उठलो. त्यांच्या हातातून पेला घेतला, तोंड लावून प्यालो. एक घोट ठेवला. पेला त्यांच्यापुढे धरला.

"काका, उष्टा झालाय. आता तुम्ही प्या."

काका पेल्याकडे बघत राहिले. हात काही पुढे आला नाही. काकूंनी घाईघाईने लाइट ऑफ केले.

त्या चर्चमध्ये मी अजून जातो. पहिल्या बाकावर बसतो. तहान लागली तर पेला मागतो, नाही दिला तर तहानलेला राहतो. माझ्या मुलीला ती ओंजळ येत नाही. मी शिकवणार नाही.