सुतकातली घंटा

सुहासिनीबाई अकोल्याहून परदेशी, लेकाकडे सिटीवेस्टला आल्या त्या तीन महिन्यांसाठी, आणि लॉकडाऊनमुळे वर्षभर अडकल्या. बाई भारी कडक. किचनमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या कपाटात, देव मांडले आणि आंघोळ केल्याशिवाय त्या फळीला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक घातला. सून विभावरी त्यांना चांगलीच वचकून असे.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत गुरुनाथला, त्यांच्या एकुलत्या एका लेकाला, करोना झाला. जवळच्याच टॅलाच्या हॉस्पिटलात त्याला औषधानं झोपवून ठेवलं. आता औषध बंद केलं होतं, पण तो जागा होत नव्हता. भेटायला बंदी. त्यातच अकोल्याला त्याचे काका गेले. सुतक लागलं, पूजा थांबली, घंटा कापडात गुंडाळली गेली. विभावरीला घर खायला उठलं.

वरच्या मजल्यावरची मिरेन युरोपातल्या डोंगराळ मुलखातल्या बास्क लोकांपैकी होती. ती जिन्यात लांब उभी राहून चौकशी करायची. तिनं सांगितलं, आमच्याकडची जुनी माणसं अस्वलाला मूळपुरुष मानत. माणूस त्याच्यापासूनच झाला म्हणत. अस्वल हिवाळाभर मेल्यासारखं निजतं, मग गावकरी कमरेला मोठाल्या घंटा बांधून त्याला उठवायला निघतात. यंदा तेही रद्द.

विभावरीनं घरी येऊन हे सांगितलं, काहीतरी बोलायचं म्हणून. सासूबाई हसल्या नाहीत. लहानपणी गुरुनाथ झोपेत दचकायचा, तेव्हा त्यांनी त्याला दरवेशाच्या अस्वलावर बसवलं होतं, अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधला होता. त्याची भीती अस्वलानंच नेली, हे त्या आजही ठासून सांगत.

दुपारी नर्सचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन गुरुनाथच्या कानाशी धरला. विभावरीनं हाका मारल्या. मागं वळून पाहते तर सासूबाई घंटा घेऊन उभ्या.

"आई, सुतक आहे," ती घाबरून म्हणाली.

"देवाले नाही वाजवून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "अस्वलाले उठवून राह्यली."

त्या वाजवत राहिल्या. कितीतरी वेळानं गुरुनाथच्या कपाळावर आठी पडली, शाळेसाठी उठवताना पडायची तशी. डोळे मात्र मिटलेलेच. थांबू नका, नर्स म्हणाली.

सासूबाईंचा हात भरून आला होता. त्यांनी घंटा सुनेपुढे धरली. विभावरीची अजून आंघोळ झाली नव्हती, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"घे," त्या म्हणाल्या, "आता तू वाजव."