डॉक्टरांच्या कुर्त्याची उजवी शिवण

डॉक्टर त्या दिवशी आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत कापड होतं, पण त्यांनी ते बाहेर काढलं नाही. दुकानात दोन बायका ब्लाउज घ्यायला आल्या होत्या. त्या जाईपर्यंत डॉक्टर मशीनशेजारच्या स्टुलावर बसून राहिल्या. एरवी त्या माझ्याकडे तोंड करून बसायच्या, त्या दिवशी रस्त्याकडे तोंड करून बसल्या. बायका गेल्यावर म्हणाल्या, "काकू, पडदा ओढता का जरा?"

मी म्हैसूरच्या जुन्या भागात बायकांचे कपडे शिवते. घराची पुढची खोली हेच दुकान. आमच्या घराण्यात पूर्वी कापड रंगवायचे, छापायचे. सासऱ्यांच्या मागे ते काम बंद झालं. आमचे हे मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवतात. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिच्यात निम्मं कन्नड. डॉक्टर महाराष्ट्रातून आलेल्या. त्यांची मराठी स्वच्छ, आणि ती ऐकायला मिळते म्हणून मला त्यांचं येणं आवडायचं. त्या गुरांच्या डॉक्टर. एका खासगी डेअरीसाठी वरुणा, बन्नूरकडच्या गावांतून एकट्या स्कूटरवर फिरायच्या. नवरा बेंगळुरूला नोकरीला, शनिवारी यायचा.

पडदा ओढल्यावर त्या हळू आवाजात बोलल्या. चार महिन्यांपूर्वी सकाळी कालव्याच्या रस्त्यावर तीन माणसं एकाला मारत होती. डॉक्टरांनी स्कूटर थांबवली, त्या ओरडल्या. तिघं उसात पळाले. मार खाल्लेल्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी गुरांच्या पेटीतलं बँडेज बांधलं. तो दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. तिघांतल्या एकाचं तोंड त्यांनी नीट पाहिलं होतं आणि तसं पोलिसांना सांगितलं होतं. तो आत होता, त्याची माणसं बाहेर. कोर्टात साक्षीची तारीख जवळ येत होती.

"परवा स्कूटरच्या सीटवर कुणीतरी हार ठेवला होता," त्या म्हणाल्या. "ताजा. मयताला घालतात तसला."

त्यांचे वडील सैन्यात होते. त्यांचं रिव्हॉल्व्हर ते वारल्यावर परवान्यासकट डॉक्टरांच्या नावावर झालं होतं आणि इतकी वर्षं बंदुकीच्या दुकानात ठेवीला होतं. ते त्यांनी सोडवून आणलं होतं. "उघडं दिसेल असं बाळगता येत नाही. होल्स्टरमध्ये हवं, झाकलेलं हवं. आणि माझ्या अंगावर ते आहे हे कुणालाही कळता कामा नये. दुकानातली सगळी होल्स्टरं पुरुषांच्या पट्ट्याला अडकवायची आहेत. मी काय करू?"

"अय्यो, डॉक्टर," मी म्हणाले, "सुम्मने, उगाच, असलं कशाला अंगावर वागवायचं? तारीख होईपर्यंत गावालाच का जात नाही?"

"माझ्या गाई कोण बघणार?" एवढंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कामाला लागलो. खरी वस्तू दुकानात आणायची नाही हे मी बजावलं होतं, म्हणून स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता घेतला. वजन साधारण तेवढंच, असं त्या म्हणाल्या. पर्समध्ये ठेवा, असं मी सुचवलं. त्या हसल्या. "काकू, पर्स मी गोठ्यात खुंटीला अडकवते. हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात असतो. पर्स कुठे नि मी कुठे." काखेखाली बांधायचं एक त्यांनी दुकानातून आणलं होतं. ते वाकलं की पुढे लोंबायचं आणि गळ्याशी पट्टा दिसायचा. पायाला बांधायचं म्हटलं तर दिवसभर शेणामुतात उकिडवं बसणं. राहिली कंबर. पण सलवारीचा नाडा बत्त्याचं वजन पेलेना. दोन पावलं चालल्या की सलवार उजवीकडून खाली.

शेवटी मला बाळंतिणीचा पट्टा आठवला, पोटाला बांधतात तो रुंद, ताणणारा. तो कुर्त्याच्या आत घट्ट बसला. आता त्याच्यावर कव्हर शिवायचं म्हणजे आमच्या यांना सांगणं आलं. यांनी ऐकलं आणि आधी सरळ नाही म्हणाले. जेवताना पुन्हा म्हणाले, "ती बाई कुणाकडून तरी करून घेणारच. कच्चं करून घेतलं तर स्वतःच्याच मांडीत गोळी घालून घेईल." मग चपला करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी जाड कातडं आणलं. डॉक्टरांनी त्यावरून नुसता हात फिरवला आणि "म्हैस" म्हणाल्या.

रिव्हॉल्व्हर एकदाच आमच्या घरी आलं. मागच्या अंगणात डॉक्टरांनी गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि ते वर्तमानपत्रावर ठेवलं. यांनी भोवतीने पेन्सिल फिरवली. मी दारात उभी होते. इतकी लहान वस्तू असेल असं मला वाटलं नव्हतं. यांनी कातडं भिजवून त्यावर दाबून बसवलं, अर्धा दिवस तसंच बांधून ठेवलं. "चाप पूर्ण झाकला पाहिजे," ते सारखं म्हणत होते. "नाडा, दोरा, काही आत जाता कामा नये. आणि वरून पट्टी, टिचबटणाची. स्कूटर आदळली तरी निघायचं नाही."

मग माझं काम. स्टुलावर स्कूटरसारखं बसवून पाहिलं, उकिडवं बसवलं, सलाईनची बाटली धरतात तसा हात वर करायला लावला. पुढे असलं की बरगडीत रुतायचं. फार मागे गेलं की वाकल्यावर कुर्त्यातून मूठ उमटायची. उजव्या खुब्याच्या जरासं मागे, थोडं पुढे कललेलं, असं ते बसलं. साध्या कापडात बाक दिसत होता. बारीक फुलांच्या छपाईत दिसेना. प्रश्न उरला हात घालण्याचा. लांब कुर्ता वर उचलत बसायला वेळ कुठला? मी उजव्या बाजूची शिवण वीतभर उघडी ठेवली, आतून पट्टी लावली आणि कडा अशा दुमडल्या की उभं राहिल्यावर शिवण बंदच वाटावी. आधी व्हेल्क्रोची पट्टी लावली होती, तिचा चर्र आवाज आला तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. ती उसवली.

खरं सांगते, तीस वर्षांत इतकं नेटकं काम मी केलं नव्हतं.

आरशासमोर त्या हात घालून बघायला लागल्या. हात आत, मूठ धरायची, हात बाहेर. पुन्हा. दहा-बारा वेळा. पहिल्यांदा चेहरा आमच्या डॉक्टरांचा होता, नंतर तो कुणाचाच राहिला नाही. मी म्हणाले, "बस झालं, डॉक्टर." त्यांना ऐकू गेलं नाही.

त्या कुर्त्यावरून आणखी दोन शिवायचे होते. पट्टा आणि पहिला कुर्ता त्या घेऊन गेल्या, बाकीचे दोन तयार करून मी बुधवारी देणार होते. सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला एक माणूस आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, चपला बाहेर काढून आत आला. "डॉक्टर अम्मा कळिसिद्दारे," म्हणाला. डॉक्टरांनी पाठवलंय, कपडे झाले असले तर द्या. डेअरीचा माणूस असेल असं मला वाटलं. एक कुर्ता हँगरला होता, दुसऱ्याच्या बाह्या बाकी होत्या.

त्याने हँगरवरचा कुर्ता हातात घेतला, उजेडात धरला. सावकाश सगळीकडून पाहिला, बायका पाहतात तसा. मग बाजूच्या शिवणीत दोन बोटं घातली. "अम्मा, इथे शिलाई सुटलीय."

आणि मी म्हणाले, "सुटली नाही. मुद्दाम ठेवलीय."

कुणी माझ्या शिलाईला सुटली म्हणावं हे मला सहन झालं नाही. एवढंच कारण. दुसरं काही नव्हतं.

"मुद्दाम?" त्याने बोटं तशीच ठेवली. "फक्त उजवीकडे?"

"खिसा आहे," मी म्हणाले आणि कुर्ता घ्यायला हात पुढे केला. त्याने कुर्ता परत हँगरला लावला, खांदे सारखे केले. "दोन्ही झाले की एकदमच न्यायला सांगतो. त्या कधी येणार?"

"बुधवारी," मी म्हणाले. तेही मीच सांगितलं.

बुधवारी डॉक्टर आल्या तेव्हा मी विचारलं, "तुमचा माणूस आला होता, अल्लवा? सोमवारी?"

त्या पट्ट्यावर कुर्ता घालत होत्या. डोकं बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कोण माणूस? मी कुणाला पाठवलं नाही."

मी त्याचं वर्णन केलं. "काय विचारलं त्याने?" मी सांगितलं, कपडे मागितले, मी दिले नाहीत, तुम्ही कधी येणार ते विचारलं. शिवणीचं मी बोलले नाही. तोंडावर आलं होतं. त्या आरशात बघून उजवी बाजू नीट करत होत्या, आणि मी स्वतःला म्हटलं, आता सांगून काय उपयोग, उगाच घाबरतील. हे मी स्वतःची समजूत घालत होते हे तेव्हाही मला कळत होतं. त्या गेल्या. स्कूटर वळेपर्यंत मी पायरीवर उभी राहिले.

आठ दिवस त्यांचा फोन नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही. नवव्या दिवशी सकाळी दुकान उघडत होते, तर पायरीवर डॉक्टर. आत आल्या, पाणी मागितलं, ग्लास तसाच हातात धरून बसल्या.

त्या बुधवारीच, माझ्याकडून निघून एका गावाला गाय बघायला जाताना, उसाच्या वळणावर दोन मोटरसायकली आडव्या लावलेल्या होत्या. चार माणसं. कुणी शिवी दिली नाही, हात लावला नाही. पांढऱ्या शर्टवाला पुढे आला. आई कशी आहे, नवरा शनिवारी येतो ना, असं विचारलं. डॉक्टरांचा हात शिवणीकडे गेला.

"मी ठरवलं नव्हतं, काकू. हात आपोआप गेला. आणि बोटं आत जायच्या आधीच ते चौघंही तिकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे कुणीच बघत नव्हतं. तो म्हणाला, अम्मा, हात बाहेर ठेवा, आम्ही फक्त बोलतोय. आणि त्याच्यामागचा एक जण तोपर्यंत माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिलेला. इतका जवळ की त्याचा श्वास लागत होता. मी हात काढायच्या आधी त्याचा पोचला असता." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "त्यांना कसं कळलं?"

मग मी सांगितलं. सगळं, दोन बोटं आणि माझं उत्तर.

मला वाटलं होतं ओरडतील. त्या म्हणाल्या, "बुधवारी सांगायला हवं होतंत. मी दुसऱ्या रस्त्याने गेले असते. निदान ते डावीकडे बांधलं असतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मला रडू आलं. त्यांनी माझी समजूत घातली नाही, ते बरोबरच होतं.

पिशवीतून त्यांनी तिन्ही कुर्ते काढले. "या शिवणी बंद करून द्या."

"आणि ते?"

"काल दुकानात परत ठेवीला दिलं. जी वस्तू कुठे आहे हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे, ती माझी कशी?"

मी त्यांच्यासमोर बसून तिन्ही शिवणी घातल्या. यांनी अंगणातून येऊन कातडी कव्हर मागितलं. त्याचे त्यांनी कात्रीने चार तुकडे केले आणि परत मशीनवर जाऊन बसले.

त्यानंतर डॉक्टर एकट्या फिरल्या नाहीत. उसाच्या वळणावरचं सगळं त्यांनी पोलिसांना लिहून दिलं. नवरा रजा काढून आला. तारखेला त्या कोर्टात उभ्या राहिल्या. यांना मी सोबत पाठवलं होतं, मला धीर झाला नाही. हे सांगत होते, वकिलाने तासभर उलटसुलट विचारलं, बाई एका शब्दाने हलल्या नाहीत. त्याच माणसाकडे बोट केलं. पांढऱ्या शर्टवाला शेवटच्या बाकावर बसलेला होता, साक्ष संपल्यावर उठला आणि बाहेर जाताना यांना ओळखल्यासारखी मान हलवून गेला.

महिन्याभरात डॉक्टरांनी म्हैसूर सोडलं. जाताना भेटायला आल्या नाहीत. कुठे गेल्या ते मला माहीत आहे, पण मी लिहिणार नाही. निकाल अजून लागलेला नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी पडदा सरकवून एक बाई आत आली. साधी, गोड चेहऱ्याची, हातात रेशमी कापड. तिच्यामागे पांढरा शर्ट. त्याने चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला. "तुमचं काम फार बारीक असतं अम्मा, मी हिला सांगितलं, ब्लाउज इथेच शिवायचा." आणि तो माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसला.

मला 'नको' म्हणता आलं असतं, तरी म्हटलं नाही. मी टेप घेतला आणि तिच्या खांद्याला लावला. तिने हात वर केले, हसली आणि विचारलं, मागचा गळा किती खोल चांगला दिसेल. तो आमच्या दोघींकडे बघत होता. मागे अंगणात यांची मशीन चालू होती. मग मशीन थांबली, हे कान देऊन ऐकत असणार, आणि मी मापाचा आकडा मोठ्याने म्हणाले, म्हणजे यांना कळावं की मी अजून बोलते आहे.